हिरडीला आपल्याच रक्ताचा आधार

पावसाळा सरत आला की वऱ्हाडातल्या घराघरांत एक इंग्रजी शब्द मराठीसारखा वापरला जातो, तो म्हणजे प्लेटलेट. डेंग्यूच्या तापाने कोणी दवाखान्यात भरती झाले की भेटायला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न हाच असतो, ‘प्लेटलेट किती हायेत?’ आकडा खाली गेला की घरच्यांचा चेहरा उतरतो, वर चढू लागला की जीव भांड्यात पडतो. रक्तस्राव थांबवणारी ही इवलीशी पेशी आता गावोगावी ओळखीची झाली आहे. तिचे दुसरे काम मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते. जखमेतून वाहणारे रक्त थांबल्यावर ती जखम भरून आणण्याची सुरुवातही प्लेटलेटच करते. दंतवैद्यकाने गेल्या पंचवीस-तीस वर्षांत तिच्या या दुसऱ्या कामाचा उपयोग करून घेतला आहे.

नांदगाव खंडेश्वर हे अमरावती-यवतमाळ रस्त्यावरचे तालुक्याचे गाव. दाताचे साधे दुखणे असेल तर जवळपासच भागते. पण हाडात अडकलेली अक्कलदाढ, हलू लागलेले दात किंवा हिरडीतून येणारा पू असे काही निघाले की अमरावतीची वाट धरावी लागते. तिथे तपासणी झाल्यावर अलीकडे अनेकांच्या कानावर एक नवा शब्द पडतो, ‘पीआरएफ’. दाढ काढल्यावर खड्ड्यात पीआरएफ ठेवू, त्यासाठी हातातून थोडे रक्त घ्यावे लागेल, असे सांगितले जाते. रुग्ण गोंधळतो. ‘दाताच्या दुखण्याले हातातलं रक्त कायले?’ हा पहिला प्रश्न. दुसऱ्या कोणाचे रक्त तर देणार नाहीत ना, हा दुसरा. आणि याचे वेगळे पैसे लागणार असतील तर ते खरेच आवश्यक आहे का, हा तिसरा आणि सर्वांत रास्त प्रश्न.

पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर सोपे आहे. रक्त रुग्णाचे स्वतःचेच असते आणि ते त्याच बैठकीत त्यालाच परत दिले जाते. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर समजण्यासाठी आधी दात काढल्यावर तोंडात काय घडते ते पाहायला हवे.

खड्डा भरतो कसा?

दाढ निघाली की जबड्याच्या हाडात मुळांच्या आकाराचा खड्डा उरतो. काही मिनिटांत तो रक्ताने भरतो आणि ते रक्त गोठून गुठळी तयार होते. बऱ्याच जणांना ही गुठळी म्हणजे तोंडातली घाण वाटते. जीभ सारखी तिकडे जाते, जोरात गुळणी करून ती काढून टाकावीशी वाटते. प्रत्यक्षात ही गुठळी उघड्या हाडावरचे झाकण असते. शिवाय घर बांधताना गवंडी उभारतो त्या परांचीसारखे तिचे काम असते. गुठळीतल्या फायब्रिन नावाच्या प्रथिनाच्या धाग्यांचा आधार घेऊन आजूबाजूच्या पेशी आत सरकतात, केसाहून बारीक रक्तवाहिन्या फुटतात आणि आठवडाभरात गुठळीची जागा लालसर, मऊ अशी नवी ऊती घेऊ लागते. पुढच्या काही आठवड्यांत वरून हिरडी मिटते. आतले हाड भरून यायला दोन-तीन महिने लागतात आणि ते पक्के व्हायला त्याहूनही जास्त काळ जातो.

या काळात जबड्याचा तेवढा भाग बारीकही होतो. मागचे दात काढल्यावर वर्षभरात त्या जागेच्या हाडाची रुंदी सुमारे निम्म्याने घटते आणि त्यातली बरीचशी घट पहिल्या तीन महिन्यांतच होते, असे मोजमापांतून दिसले आहे. म्हणून पुढे तिथे इम्प्लांट किंवा पक्का दात बसवायचा असेल तर खड्डा कसा भरतो, याला महत्त्व येते.

ही गुठळी वेळेआधी निसटली किंवा विरघळली तर हाड उघडे पडते. यालाच ड्राय सॉकेट म्हणतात. या त्रासाचे वर्णन अमेरिकेतले दंतवैद्य क्रॉफर्ड यांनी १८९६ मध्येच करून ठेवले आहे. दाढ काढल्यावर पहिल्या दिवशी बरे वाटते आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान ठणका सुरू होतो. तो कानापर्यंत, कानशिलापर्यंत जातो, तोंडाला घाण वास येतो आणि साध्या गोळीने दुखणे थांबत नाही. साध्या दात काढण्यात शंभरात एक ते पाच जणांना हा त्रास होतो. खालच्या अडकलेल्या अक्कलदाढेच्या शस्त्रक्रियेनंतर हे प्रमाण बरेच वाढते. काही नोंदींत ते शंभरात तीसपर्यंत गेलेले आहे.

थोडक्यात, दात काढल्यानंतरचे पहिले आणि सर्वांत महत्त्वाचे औषध कोणत्याही दुकानात मिळत नाही. ते खड्ड्यातच तयार होते. पीआरएफ समजून घ्यायचे तर ही गोष्ट आधी पक्की ध्यानात ठेवावी लागते.

प्लेटलेटच्या पोतडीत काय असते?

निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये दीड ते साडेचार लाख प्लेटलेट असतात. त्या हाडांच्या मगजात तयार होतात आणि आठ-दहा दिवस जगतात. रक्त थांबवण्यातले त्यांचे काम इटलीतल्या ट्युरिनचे शास्त्रज्ञ ज्युलिओ बिझ्झोझेरो यांनी १८८०च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिले. त्यानंतर जवळपास नव्वद वर्षे प्लेटलेट म्हणजे ‘भोक बुजवणारी पेशी’ एवढीच तिची ओळख होती.

१९७४ मध्ये अमेरिकेत सिएटल इथे रसेल रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधे पण महत्त्वाचे निरीक्षण नोंदवले. प्रयोगशाळेतल्या बशीत वाढवलेल्या पेशींना गोठलेल्या रक्तातून निथळलेला द्रव दिला तर त्या भराभर वाढत. प्लेटलेट आधीच काढून टाकलेल्या रक्ताचा द्रव दिला तर त्या जेमतेम वाढत. म्हणजे रक्त गोठताना प्लेटलेट काहीतरी बाहेर सोडत होत्या आणि ते ‘काहीतरी’ पेशींना वाढायला लावत होते. पुढे या पदार्थांना वाढघटक हे नाव रूढ झाले. प्लेटलेटच्या आत बारीक पिशव्या असतात. जखम झाली की त्या फुटतात आणि त्यांतून अनेक वाढघटक बाहेर पडतात. एक घटक दुरुस्ती करणाऱ्या पेशींना जखमेकडे बोलावतो, दुसरा नव्या रक्तवाहिन्या फुटायला मदत करतो, तिसरा ऊतींना बळकटी देणारे धागे विणायला लावतो.

मग शास्त्रज्ञांच्या मनात साहजिक विचार आला. जखमेत आपोआप येतात त्याहून जास्त प्लेटलेट तिथे नेऊन ठेवल्या तर जखम लवकर भरेल का?

मायामीपासून नीसपर्यंत

दंतवैद्यकात या विचाराला मोठी चालना मिळाली ती १९९८ मध्ये. मायामीचे मुखशल्यचिकित्सक रॉबर्ट मार्क्स आणि सहकाऱ्यांनी ८८ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. गाठी किंवा कर्करोगामुळे या रुग्णांच्या खालच्या जबड्याचा पाच सेंटिमीटर किंवा त्याहून मोठा भाग काढावा लागला होता आणि तिथे त्यांच्याच शरीरातले हाड घेऊन बसवायचे होते. निम्म्या रुग्णांच्या बसवलेल्या हाडात प्लेटलेटने समृद्ध केलेला रक्तद्रव, म्हणजे पीआरपी, मिसळला गेला. एक्स-रे पाहता या रुग्णांचे हाड इतरांपेक्षा दीड ते दोन पट लवकर पक्के होताना दिसले. जबडा गमावलेल्या माणसांसाठी सुरू झालेला हा उपाय तिथून हिरडी, दाढ आणि इम्प्लांटपर्यंत आला. केसगळती आणि गुडघेदुखीसाठी ज्याची जाहिरात दिसते, ते पीआरपीही याच कुळातले.

पीआरपीची पद्धत मात्र किचकट होती. रक्त गोठू नये म्हणून त्यात औषध घालायचे, ते दोनदा फिरवायचे आणि शेवटी मुद्दाम गोठवण्यासाठी कॅल्शियम व जनावरांच्या रक्तापासून मिळवलेले थ्रॉम्बिन घालायचे. हे परके प्रथिन काहींच्या शरीरात नको त्या प्रतिक्रिया घडवू शकते, ही शंकाही होती.

२००१ मध्ये फ्रान्समधल्या नीसचे डॉक्टर जोसेफ शुक्रून आणि सहकाऱ्यांनी वाट सोपी केली. त्यांनी रक्तात काहीच घालायचे नाही, असे ठरवले. रक्त काढायचे, लगेच फिरवायचे आणि ते फिरता फिरताच नैसर्गिकपणे गोठू द्यायचे. यातून जे तयार झाले तेच पीआरएफ, म्हणजे प्लेटलेटने समृद्ध असे फायब्रिन.

कृती अशी. दंडातल्या शिरेतून दहा मिलिलिटर, म्हणजे दोन लहान चमचे, रक्त एका नळीत घेतात. गरजेप्रमाणे अशा दोन-चार नळ्या भरतात. रक्त गोठू न देणारे औषध नळीत नसल्याने उशीर चालत नाही. एक-दोन मिनिटांत नळ्या सेंट्रिफ्यूज यंत्रात ठेवाव्या लागतात. दूध डेअरीत मलई वेगळी करणारे यंत्र ज्या तत्त्वावर चालते त्याच तत्त्वावर हेही चालते. मिनिटाला सुमारे २,७०० ते ३,००० फेऱ्यांच्या वेगाने दहा-बारा मिनिटे फिरवले की रक्ताचे तीन थर होतात. तळाशी जड लाल पेशी, वर पिवळसर पातळ द्रव आणि मध्ये साबुदाण्याच्या खिरीसारखी दिसणारी, पण ओढली तरी न तुटणारी पिवळट गुठळी. या मधल्या गुठळीत नळीतल्या बहुतेक प्लेटलेट आणि निम्म्याहून अधिक पांढऱ्या पेशी अडकलेल्या असतात. ती चिमट्याने उचलून तशीच खड्ड्यात ठेवतात, किंवा दाबून तिचा पातळ पापुद्रा करतात आणि हिरडीखाली टाक्यांनी बसवतात.

इथे एक गोष्ट ध्यानात येईल. हे बाहेरून आणलेले चमत्कारी औषध नाही. खड्ड्यात जी गुठळी आपोआप होते, तिचीच ही निवडक आणि घट्ट आवृत्ती आहे. लाल पेशी बाजूला काढलेल्या, दुरुस्तीची सामग्री एकवटलेली आणि धाग्यांची वीण चिवट असल्याने सहज न निसटणारी. वाढघटकही तिच्यातून एकदम न सांडता आठवडाभर किंवा त्याहून जास्त काळ हळूहळू पाझरत राहतात.

उपयोग कुठे, आणि किती?

उपयोग होतो, पण तो सगळीकडे सारखा नाही. पुराव्याचा दर्जाही वेगवेगळा आहे.

हिरड्यांच्या आजारात, ज्याला लोक पायोरिया म्हणतात, दाताभोवतीचे हाड झिजते. काही ठिकाणी ते विहिरीसारखे खोल खचते. अशा जागी हिरडी उघडून साफसफाई करण्याची शस्त्रक्रिया जुनीच आहे. तिच्या जोडीला पीआरएफ ठेवले तर काय होते, यावर भारतात बरेच काम झाले आहे. बंगळुरूच्या शासकीय दंत महाविद्यालयातल्या थोरात, प्रदीप आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये अशा ३२ खोल जागांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नऊ महिन्यांनी पीआरएफ ठेवलेल्या जागी खचलेल्या भागाचा सुमारे ४७ टक्के हिस्सा हाडाने भरलेला दिसला, तर नुसती साफसफाई केलेल्या जागी सुमारे २९ टक्के. फरक लक्षणीय आहे, पण अभ्यास लहान आहे.

अशा लहान लहान अभ्यासांना एकत्र तपासण्याचे काम कोक्रेन ही आंतरराष्ट्रीय संस्था करते. २०१८ मध्ये तिच्या आढाव्यात हिरडीरोगातले ३८ अभ्यास तपासले गेले. नुसत्या साफसफाईच्या शस्त्रक्रियेला प्लेटलेटची जोड दिल्यास फायदा दिसतो, मात्र पुराव्याचा दर्जा फार कमी आहे, असा निष्कर्ष निघाला. हाड वाढवण्याच्या काही इतर प्रगत पद्धती आधीच वापरल्या असतील तर त्यात प्लेटलेटची भर घालून आणखी काही मिळते असे दिसले नाही.

अक्कलदाढेच्या शस्त्रक्रियेनंतर पीआरएफ ठेवल्यास दुखणे आणि ड्राय सॉकेटचे प्रमाण कमी होते, असे अनेक लहान अभ्यास सांगतात. परंतु ड्राय सॉकेट टाळण्याच्या उपायांचा कोक्रेनने २०२२ मध्ये घेतलेला आढावा पाहिला तर जास्त भरवशाचा पुरावा क्लोरहेक्सिडिनच्या बाजूने आहे. हे जंतुनाशक औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने दाढ काढण्याआधी आणि काढल्यानंतर गुळण्यांसाठी वापरतात किंवा खड्ड्यात जेलच्या रूपात ठेवतात. ते स्वस्त आहे आणि औषधाच्या दुकानात सहज मिळते. ज्याला पीआरएफ परवडत नाही किंवा जिथे यंत्र नाही, त्याने मन खट्टू करण्याचे कारण नाही.

एका गटाला मात्र पीआरएफचा विशेष आधार वाटू शकतो. हृदयाची झडप बदललेले किंवा रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या घेणारे रुग्ण दात काढायला घाबरतात. कोणी स्वतःच्या मनाने गोळी बंद करतो, आणि ही गोष्ट दातापेक्षा कितीतरी धोकादायक ठरू शकते. गोळी बंद झाली तर झडपेवर किंवा मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकू शकते. इटलीतल्या डॉक्टरांनी २०११ मध्ये हृदयशस्त्रक्रिया झालेल्या ५० रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यांच्या गोळ्या न थांबवता दात काढले आणि खड्ड्यात पीआरएफ बसवले. बहुतेकांचा रक्तस्राव आटोक्यात राहिला. खड्ड्यातल्या खड्ड्यात गुठळी पक्की करण्याचा हा मार्ग आशादायक आहे. गोळीचा निर्णय मात्र हृदयाचे आणि दातांचे डॉक्टर यांनी मिळूनच घ्यायचा असतो.

आता, पीआरएफ कुठे उपयोगी नाही तेही पाहू. त्याने नवा दात उगवत नाही. सगळ्या दातांभोवतीचे हाड सरसकट खाली गेले असेल तर ते पुन्हा वर चढत नाही. साध्या, सहज निघालेल्या दाताचा खड्डा निरोगी माणसात आपला आपण भरतो, तिथे पीआरएफची गरज क्वचितच असते. दात किडला, त्याला सिमेंट भरायचे आहे किंवा नुसती दातांची सफाई करायची आहे, तर त्यात पीआरएफचा संबंधच नाही.

यंत्रांचा प्रश्नही आहे. गोफणीची दोरी लांब असली की त्याच वेगाने फिरवूनही दगड जास्त जोराने जातो, हे शेतातल्या पाखरं राखणाऱ्या पोरालाही माहीत असते. सेंट्रिफ्यूजचेही तसेच आहे. दोन यंत्रांत फेऱ्या सारख्या ठेवल्या तरी फिरणाऱ्या चाकाचा घेर वेगळा असेल तर रक्तावर पडणारा जोर वेगळा होतो आणि तयार होणारी गुठळीही वेगळी. नळी काचेची की प्लास्टिकची, यानेही फरक पडतो. निरनिराळ्या अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत, त्यामागे हे एक मोठे कारण आहे.

खर्र्यापुढे पीआरएफही हरते

वऱ्हाडात या विषयाची खरी मेख वेगळीच आहे. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून केलेला खर्रा इथल्या पानठेल्यापानठेल्यावर मिळतो. केंद्र सरकारने २०१६-१७ मध्ये केलेल्या प्रौढांच्या तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले सुमारे २४ टक्के, म्हणजे साधारण दर चौघांत एक प्रौढ, धूरविरहित तंबाखू खाणारा आढळला. राज्यात गुटखा आणि पानमसाल्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण खर्र्याची पन्नी खिशातून गेलेली नाही.

खर्रा गुठळीचा शत्रू अनेक अंगांनी असतो. तंबाखूतले निकोटीन बारीक रक्तवाहिन्या आकसवते. जखमेला ज्या वेळी जास्त रक्त हवे, नेमके त्याच वेळी ते कमी मिळते. चुना उघड्या ऊतीला जाळतो. सुपारीचे कण खड्ड्यात जाऊन बसतात. आणि खर्रा चघळताना होणारी ओढ आणि सारखे थुंकणे यामुळे गुठळीच उपटून येते. सुपारीची दीर्घकाळची सवय असेल तर गालाची आतली त्वचा चामड्यासारखी ताठ होते आणि तोंड उघडेनासे होते. मुंबईत डॉ. जोशी यांनी १९५३ मध्ये या आजाराचे वर्णन करून त्याकडे लक्ष वेधले होते. आज विदर्भात तो अगदी तरुण मुलांत दिसतो. दोन बोटे तोंडात जात नाहीत अशा रुग्णाची मागची दाढ काढणेच अवघड, तिथे बाकीचे पुढचे. शिवाय हा आजार कर्करोगाच्या वाटेवरचा मुक्काम असू शकतो.

म्हणून पीआरएफसाठी पैसे मोजून सायंकाळी बस स्टँडवर उतरताच खर्रा तोंडात टाकणारा माणूस स्वतःच्याच रक्ताची मेहनत वाया घालवतो. बिडी-सिगारेटचेही तेच. मिश्री आणि गुडाखू लावणाऱ्या बायकांनाही ही गोष्ट स्पष्टपणे सांगायला हवी, कारण ‘मी तंबाखू खात नाही, नुसती दाताला लावते’ असे त्यांना प्रामाणिकपणे वाटत असते. हिरडीला लागलेली तंबाखू ही हिरडीने घेतलेलीच तंबाखू असते.

दुसरा अडथळा मधुमेहाचा. वाढलेली साखर पांढऱ्या पेशींना सुस्त करते आणि बारीक रक्तवाहिन्या बिघडवते. हिरडीचा आजार आणि मधुमेह हे एकमेकांना खतपाणी घालतात. हिरडी सुजलेली असली की साखर आवरत नाही आणि साखर वाढली की हिरडी बरी होत नाही. गावात अनेकांना आपल्याला मधुमेह आहे हेच दात हलू लागल्यावर कळते. पीआरएफचा विचार करण्याआधी तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी करून घेणे जास्त फायद्याचे.

तिसरा अडथळा रोजच्या स्वच्छतेचा. हिरडीची शस्त्रक्रिया कितीही चांगली झाली आणि तिला प्लेटलेटची जोड दिली, तरी दातांवरचा चिकट थर दिवसातून दोनदा निघाला नाही तर सहा महिन्यांत आजार परत येतो.

डॉक्टरांना काय विचारावे?

पीआरएफ सुचवले गेले तर भिडस्तपणे मान डोलावण्यापेक्षा चार प्रश्न विचारणे चांगले. माझ्या बाबतीत हे कशासाठी हवे आहे? हे न केल्यास काय होईल? याचा वेगळा खर्च किती? रक्त नव्या सुईने, नव्या बंद नळीत, माझ्यासमोर घेतले जाईल ना? चांगल्या डॉक्टरांना हे प्रश्न खटकत नाहीत. शेवटचा प्रश्न विशेष महत्त्वाचा. एका रुग्णाचे रक्त दुसऱ्याला वापरले जाऊ नये म्हणून एका वेळी एकाचेच रक्त काढणे आणि नळीवर नाव घालणे आवश्यक असते.

रुग्णानेही आपली माहिती लपवू नये. नुकताच डेंग्यू झाला असेल, प्लेटलेट कमी असल्याचे कधी सांगितले गेले असेल, रक्ताचा आजार असेल, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, कर्करोगासाठी किंवा हाडे ठिसूळ झाल्यावर दिली जाणारी इंजेक्शने घेतली असतील, तर ते दात काढण्याआधीच सांगावे. डेंग्यूतून उठलेल्या माणसाने अगदी निकड नसेल तर प्लेटलेटचा आकडा पूर्ववत होईपर्यंत दाढ काढणे पुढे ढकलावे.

अमरावतीत दंत महाविद्यालय आहे आणि नागपूरला १९६८ पासून शासकीय दंत महाविद्यालय आहे. अशा शिक्षणसंस्थांमध्ये हिरडीरोगाचा आणि मुखशस्त्रक्रियेचा स्वतंत्र विभाग असतो. अवघड दाढ किंवा खोलवर खचलेली हिरडी असेल, तर खासगी दवाखान्यातला खर्च ऐकून उपचारच सोडून देण्यापेक्षा तिथे एकदा दाखवून घेणे हा चांगला मार्ग आहे. खेपा वाचवण्यासाठी जुने एक्स-रे, औषधांच्या चिठ्ठ्या आणि साखरेचे अहवाल सोबत न्यावेत.

गुठळी जपण्याचे नियम

पीआरएफ ठेवलेले असो वा नसो, दात काढल्यावरची पथ्ये एकच आहेत आणि त्यांना एक पैसाही लागत नाही.

खड्ड्यावर ठेवलेला कापसाचा किंवा गॉजचा बोळा अर्धा-पाऊण तास घट्ट दाबून धरावा. सारखा काढून ‘रक्त थांबलं का’ हे पाहू नये. पहिले चोवीस तास गुळणी करू नये, जोरात थुंकू नये, नळीने ओढून काही पिऊ नये. थुंकीत थोडी लाली येणे स्वाभाविक आहे, ती गिळून टाकावी. गरम चहा, तिखट रस्सा आणि ठेचा त्या दिवसापुरता बाजूला ठेवावा. मऊ खिचडी, वरण-भात, दही-भात थंड करून दुसऱ्या बाजूने खावा. दुसऱ्या दिवसापासून कोमट पाण्यात मीठ घालून ते तोंडात नुसते हलकेच फिरवावे.

जखमेत काडी, बोट, तंबाखूची चिमूट, कापूर किंवा चुना घालू नये. ठणका थांबावा म्हणून गालावर बाहेरून गरम शेक देऊ नये, पहिल्या दिवशी थंड पट्टी चालते. खर्रा, बिडी आणि दारू निदान पहिला आठवडा तरी पूर्ण बंद हवी. ती कायमची सुटली तर पीआरएफपेक्षा मोठा उपचार झाला असे समजावे.

तिसऱ्या दिवशी दुखणे उतरण्याऐवजी वाढत असेल आणि तोंडाला वास येत असेल तर वेदनाशामक गोळ्यांवर दिवस काढू नयेत. ड्राय सॉकेटमध्ये खड्डा स्वच्छ धुऊन औषधाचा बोळा ठेवला की बहुतेकांना लवकर आराम पडतो. सूज मानेकडे उतरू लागली, ताप चढला, तोंड उघडेना, घोट गिळता येईना किंवा श्वासाला त्रास होऊ लागला, तर रात्र असली तरी थांबू नये. जवळच्या सरकारी रुग्णालयात त्याच वेळी जावे. दातातून सुरू झालेला संसर्ग गळ्यापर्यंत पोहोचला तर जिवावर बेततो, आणि उशीर झाल्यावर कोणत्याही यंत्रात फिरवलेले रक्त त्याला अडवू शकत नाही.

पीआरएफ हे दंतवैद्यकातले एक चांगले साधन आहे. योग्य रुग्णात, योग्य जागी, स्वच्छ हातांनी वापरले तर ते दुखणे कमी करते आणि झिजलेल्या हिरडीला दुसरी संधी देऊ शकते. पण ते रुग्णाच्याच रक्तातून येते, म्हणून त्याची ताकदही रुग्णाच्या शरीराएवढीच असते. साखर आटोक्यात, तोंड स्वच्छ आणि पन्नी खिशाबाहेर असेल, तर त्या पिवळट गुठळीला काम करायला जागा मिळते. तसे नसेल, तर दोन चमचे रक्तही वाया आणि पैसेही वाया.